लिफ्टचा दिवा का उडतो?

आज रात्री जेवणं झाल्यावर एक काम करा. घराबाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभे राहा. एचडीबीच्या ब्लॉकमध्ये राहत असाल तर कॉरिडॉर चांगला लांब असतो आणि दुसऱ्या टोकाला लिफ्टचा दिवा असतो. चष्मा असेल तर तो घालून, मान सरळ ठेवून त्या दिव्याकडे पाहा. तळहाताने उजवा डोळा झाका, मग हात पटकन डाव्यावर न्या, परत उजव्यावर. मधे दोन्ही डोळे एकदम उघडे राहू देऊ नका. शेजारच्या आंटी विचित्र नजरेने बघतील, बघू द्या. दिवा किंचित डावी-उजवीकडे सरकला तर काळजी नको, अनेकांचा सरकतो. पण तो वर-खाली उडाला, तर पुढचं जरा लक्ष देऊन वाचा.

माझा उडत होता. नवा चष्मा घेऊन दोन आठवडे झाले होते. सुपरमार्केटमधल्या उंच मांडण्यांमधून चालताना गरगरल्यासारखं व्हायचं, संध्याकाळी कपाळ ठणकायचं आणि वाचताना ओळ सुटायची. शेवटी पहिलीतल्या मुलासारखं ओळीखाली बोट ठेवून वाचू लागले. मान अवघडली असेल, पित्त असेल, ऊन लागलं असेल, सगळे तर्क झाले. डोळ्यांवर संशय आला नाही, कारण दिसत तर स्वच्छ होतं!

गंमत इथेच आहे. दोन डोळे दोन चित्रं पाठवतात आणि मेंदू त्यांचं एक करतो. त्यासाठी दोन्ही डोळे एकाच बिंदूवर रोखलेले लागतात. थोडा फरक असला तर मेंदू डोळ्यांच्या स्नायूंना ताण देऊन तो भरून काढतो. एक डोळा झाकला की जुळवण्याचं काम थांबतं आणि झाकलेला डोळा आपल्या आरामाच्या जागी सरकतो. हा छुपा तिरळेपणा. आरशात, फोटोत तो दिसत नाही. शास्त्रीय नाव हेटेरोफोरिया, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर सरकत असेल तर हायपरफोरिया.

हा फरक प्रिझम डायॉप्टरमध्ये मोजतात. प्रकाशकिरण एक मीटर अंतरावर १ सेंटिमीटर वळला की तो १ प्रिझम डायॉप्टर. नाकाच्या दिशेने डोळे वळवून आपण १५-२० प्रिझम डायॉप्टरचा फरकही सांभाळू शकतो. पुस्तक जवळ धरलं की डोळे आत वळतातच, ती रोजची तालीम आहे. एक डोळा वर आणि दुसरा खाली नेण्याची गरज मात्र आयुष्यात जवळजवळ पडत नाही, म्हणून तिथली कुवत साधारण २ ते ३, बस्स. आडव्या दिशेत ज्याची दखलही घेतली जात नाही, तेवढा फरक उभ्या दिशेत माणसाला हैराण करू शकतो.

आता सिंगापूरचं बघू. इथे तरुणांपैकी साधारण १० पैकी ८ जणांना मायनस नंबर आहे. २००१ पासून सरकारची राष्ट्रीय मोहीम चालू आहे, तरी शाळेच्या बसमध्ये डोकावून पाहा, चष्मेच चष्मे. मोठ्या नंबराच्या चष्म्यात एक खोच असते. भिंगाच्या बरोबर मध्यातून पाहिलं तर किरण सरळ जातो, मध्यापासून बाजूला पाहिलं की तेच भिंग लोलकासारखं वागतं. किती, ते सोपं आहे: मध्यापासूनचं अंतर सेंटिमीटरमध्ये, गुणिले नंबर. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे ८. एका भिंगाचा मध्य दुसऱ्यापेक्षा अडीच मिलिमीटर वर बसला होता. ०.२५ गुणिले ८, म्हणजे २ प्रिझम डायॉप्टर. सगळी कुवत चष्म्यानेच खाऊन टाकली! नंबर उणे १ असता तर हीच चूक कळलीही नसती.

हे घरी ढोबळपणे तपासता येतं. चष्मा हातभर अंतरावर समोर धरा आणि एक डोळा मिटून भिंगातून खिडकीची आडवी चौकट पाहा. भिंगातली चौकट बाहेरच्या चौकटीपासून तुटलेली दिसेल. चष्मा सावकाश वर-खाली करा, एका जागी तुकडे जुळतील. उजव्या भिंगात जुळले त्याच वेळी डाव्यातही जुळायला हवेत. तिरक्या अक्षाचा सिलिंडर नंबर असेल तर रेघ कलते आणि ही युक्ती नीट चालत नाही. शिवाय काहींचे डोळेच चेहऱ्यावर एका पातळीत नसतात, त्यांच्यासाठी मुद्दाम मध्य वर-खाली ठेवलेला असू शकतो. म्हणून दुकानदाराशी भांडायच्या आधी मोजून मागा.

चाळिशीनंतर प्रोग्रेसिव्ह चष्मा लागतो आणि दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठं अंतर असेल तर दुकानाची काहीही चूक नसताना हाच त्रास होतो. समजा उजवा उणे ३ आणि डावा उणे ७. वाचताना तुम्ही मध्याच्या १ सेंटिमीटर खालून पाहता. एका डोळ्यापुढे ३, दुसऱ्यापुढे ७, फरक ४ प्रिझम डायॉप्टर. लांबचं छान, वाचायला बसलं की डोकं दुखतं. वाचनाचा चष्मा वेगळा ठेवणं हा साधा उपाय. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे ती घातल्यावर त्रास थांबत असेल तर संशय आधी चष्म्यावर घ्या.

चष्मा निर्दोष निघाला तर मग डोळ्याकडे वळायचं. डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी एक मोठा मजेदार आहे. विहिरीच्या रहाटावरून दोर वळावा तसा तो एका कप्पीवरून वळून डोळ्याला जोडलेला असतो. त्याला चालवणारी चौथी मज्जातंतू जन्मतः दुबळी असेल, तर मूल मान एका बाजूला कलती ठेवून दोन चित्रं जुळवतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. चाळिशी-पन्नाशीत ताकद कमी पडली की एकाची दोन दिसू लागतात. अशा वेळी डॉक्टर जुने फोटो मागतात. मुंजीत, लग्नात, सहलीत मान त्याच बाजूला कललेली दिसली, तर दुखणं जुनं आहे हे कळतं आणि पुढच्या पुष्कळ तपासण्या वाचतात. तेव्हा भारतातल्या घरचे अल्बम रद्दीत जाऊ देऊ नका.

हेटेरोफोरिया हे नाव १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉर्ज स्टीव्हन्स यांनी रूढ केलं. पुढे ते इतके वाहवले की फेफरंसुद्धा डोळ्यांच्या स्नायूंमुळे येतं म्हणू लागले. त्यांच्या सहकाऱ्यांच्या समितीला ते पटलं नाही. आजही अगदी छोट्या लोलकांच्या चष्म्याने चक्कर, चिंता, सगळं जाईल असे दावे इंटरनेटवर सापडतील. काहींना फायदा झाल्याचे अहवाल आहेत, पण त्यावर मोठ्या, नियंत्रित चाचण्यांचा भक्कम पुरावा नाही. माझी स्वतःची कसोटी साधी आहे: एक डोळा झाकून अर्धा तास वाचा. त्रास तसाच राहिला तर दोन डोळ्यांच्या जुळणीला दोष देण्यात अर्थ नाही.

मात्र हे सगळं हळूहळू आलेल्या त्रासाबद्दल आहे. अचानक गरगर सुरू झाली, थांबेना, किंवा एकाएकी एकावर एक दोन चित्रं दिसू लागली, तर कॉरिडॉरमधले प्रयोग करू नका, ९९५ फिरवा. इमर्जन्सीतले डॉक्टरही कदाचित तुमचे डोळे आळीपाळीने झाकून पाहतील. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तीन पायऱ्यांच्या तपासणीतली ती एक पायरी आहे: हात हलवताच डोळा वर-खाली सरकून जागेवर आला, तर कानातल्या तोलाच्या बिघाडाऐवजी मेंदूतल्या झटक्याचा संशय घेतात.

बाकीच्यांनी ऑप्टोमेट्रिस्टला फक्त नंबर काढायला सांगू नका. ‘वर-खालचा फरकही मोजा’ असं स्पष्ट म्हणा. तो एका डोळ्यापुढे खाचांची लाल काच धरेल, दिव्याचा ठिपका त्यातून लाल रेघ होऊन दिसेल. रेघ आडवी दिसेल अशी काच धरली की ती ठिपक्यावरून जाते का, एवढंच तुम्ही सांगायचं. गरज पडली तर पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घेऊन नॅशनल आय सेंटरला जाता येतं.

माझ्या दुकानाने भिंग बदलून दिलं, थोडी कुरकुर करून. तिसऱ्या दिवशी ओळीखालचं बोट आपोआप सुटलं. कॉरिडॉरमधला दिवा आता जागेवर आहे, आंटी मात्र अजून विचारतात.