फॅन व्हिडिओ घडताना (भाग ४) : आवाज बंद करून सिनेमा पाहा

मागच्या भागात गाणं ठरलं. आता त्याखाली घालायची दृश्यं. विषय धरू दिल्लीतली बेकार पोरं आणि त्यांचं प्रेम. मुख्य सिनेमा अर्थातच सई परांजपे यांचा १९८१चा ‘चश्मे बद्दूर’.

आधी प्रत नीट निवडा. हा सिनेमा डिजिटल दुरुस्ती होऊन ५ एप्रिल २०१३ला पुन्हा थिएटरांत लागला. डेव्हिड धवन यांचा त्याच नावाचा नवा सिनेमाही त्याच दिवशी आला, म्हणून फाइल उतरवताना साल तपासा. टीव्हीवरून घेतलेली प्रत शक्यतो टाळा. कोपऱ्यातला चॅनेलचा लोगो आणि चित्रावर छापलेली सबटायटल्स काढायला गेलात की चित्रच खराब होतं. दुसरी अडचण वेगाची. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, तर आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर तो बहुधा २५ने पळतो, म्हणजे दोन तासांचा सिनेमा जवळपास पाच मिनिटं आधी संपतो. दोन्ही प्रकारच्या फाइली न जुळवता एका टाइमलाइनवर टाकल्या, तर कॅमेरा आडवा सरकताना झटके दिसतात. प्रकल्पाचा फ्रेम रेट पहिल्याच दिवशी ठरवा.

आता आवाज बंद करून अख्खा सिनेमा पाहा. नवखा माणूस थेट आपल्या आवडत्या प्रसंगाकडे जातो, आणि तिथेच फसतो. ‘चमको’ या धुण्याच्या पावडरच्या प्रात्यक्षिकाचा प्रसंग घ्या. नायिका दीप्ती नवल त्यात इतकी गोड दिसते की ते वगळवत नाही. पण मूक पाहिलं की कळतं, ती जवळपास सतत बोलते आहे. गाणं एक म्हणतंय आणि ओठ भलतंच, हे प्रेक्षकाला लगेच खुपतं. अशा प्रसंगातून बोलणं थांबलेले क्षण तेवढे वेचायचे. एक-दीड सेकंदसुद्धा पुरतो. नायक फारूख शेख ऐकत असतात ते क्षण मला त्यांच्या संवादांपेक्षा मोलाचे वाटतात, कारण ऐकणारा चेहरा कुठल्याही गाण्याला आपलासा करतो.

पाहताना वही जवळ ठेवा. प्रत्येक शॉटची वेळ, त्यात कोण आहे, नजर कुठे, हालचाल कुठून कुठे, ओठ मिटलेले की उघडे, उजेड कसा, एवढं लिहा. नजरेची नोंद कधीही गाळू नका. एकजण उजवीकडे पाहतोय आणि दुसरी डावीकडे, असे दोन शॉट सिनेमात अर्ध्या तासाच्या अंतरावर असले, तरी शेजारी ठेवल्यावर ती दोघं एकमेकांकडे पाहू लागतात. फॅन व्हिडिओची सगळी जादू या जोडणीत आहे आणि ती वहीतच सापडते. १९८२मध्ये अमेरिकेत जिम कपोस्टास यांनी दोन व्हीसीआर जोडून ‘स्टार ब्लेझर्स’ या ॲनिमेशन मालिकेचा असा व्हिडिओ केला, तेव्हा तर टेपवर एकामागून एक तुकडा उतरवण्याला पर्यायच नव्हता; कुठला तुकडा कुठे, हे आधीच ठरलेलं असावं लागे.

फोल्डर प्रसंगांच्या नावाने करू नका. ‘वाट पाहणं’, ‘मोटरसायकल’, ‘तिघं मित्र एकत्र’, ‘रिकामा रस्ता’ असे करा. गाण्याची ओळ येते तेव्हा तुम्ही भाव शोधत असता, प्रसंग क्रमांक नाही. मूळ फाइल कापू नका. तिची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. दिल्लीत असाल तर नेहरू प्लेसच्या संगणक बाजारात चक्कर मारलीत की डिस्क मिळेल.

जोडीला दुसरे सिनेमे घेताना जपून. ‘दिल्ली-६’मधल्या जुन्या दिल्लीचं बरंच चित्रीकरण राजस्थानातल्या सांभरमध्ये झालं आहे. भावासाठी ते चालेल. खरी दिल्ली दाखवायची असेल तर नाही.

हक्कांचा विचारही याच टप्प्यावर. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे ‘चश्मे बद्दूर’ अजून बराच काळ संरक्षित आहे. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा आवाज आणि चित्र दोन्ही ओळखते, आणि गाण्याची मालकी नोएडातल्या टी-सीरीजसारख्या मोठ्या कंपनीकडे असली तर दावा येण्याची शक्यता धरूनच चाला. श्रेय लिहिल्याने परवानगी मिळत नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक सिनेमा आणि गाण्यापुढे हक्क कोणाकडे आहेत ते लिहा, आणि मगच पुढच्या आठवड्यातल्या कटिंगला बसा.