वजनकाट्यापर्यंत आलेले सागरी करार

१ जुलै २०१६ पासून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून न्हावा-शेव्याकडे निघणाऱ्या प्रत्येक निर्यात कंटेनरच्या कागदांत एका आकड्याची भर पडली: भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन. हा आकडा दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढणार नाही, अशी दुरुस्ती ‘सोलास’ करारात नोव्हेंबर २०१४ मध्ये झाली होती. ‘सोलास’ म्हणजे समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा करार; टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ मध्ये तो पहिल्यांदा झाला. आज चालतो तो १९७४चा. लंडनमध्ये झालेली वजनाची ही दुरुस्ती मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाच्या आदेशात उतरली आणि तिथून थेट पुणे-बंगळूर महामार्गाकडेच्या वजनकाट्यांवर पोचली. दोन वर्षेही लागली नाहीत.

या दुरुस्तीमागे ‘एमएससी नेपोली’ होती. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश चॅनेलच्या वादळात या जहाजाला तडे गेले आणि ते डेव्हनच्या किनाऱ्यावर टेकवावे लागले. डेकवर कोरडे राहिलेले सुमारे ६६० कंटेनर तोलून पाहिले, तेव्हा पाचांपैकी एकाचे वजन कागदावरच्या वजनापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळे निघाले.

शिरोलीला हा नियम जड गेला नाही, कारण इथला फाउंड्रीचा धंदाच वजनाचा आहे. कास्टिंगचा भाव किलोवर ठरतो. भट्टीत पडणाऱ्या भंगारापासून फेटलिंग होऊन आलेल्या नगापर्यंत सगळे काट्यावर चढते. वीस फुटी कंटेनर कास्टिंगने भरताना जागा संपण्याआधी वजनाची मर्यादा संपते. नियमाने दोन रीती दिल्या: भरलेला कंटेनर तोलायचा, किंवा माल, पॅलेट आणि आधाराची लाकडे यांच्या वजनात दारावर लिहिलेले रिकाम्या कंटेनरचे वजन मिळवायचे. फाउंड्रीला दुसरी रीतही सहज जमते. (त्याच पॅलेटवरचा ‘एचटी’ शिक्का वेगळ्याच कराराचा आहे. तो झाडांना कीड लागू नये म्हणून झालेला. लाकडाच्या गाभ्याला ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवल्याची ती खूण.) डिस्पॅचला बसलेला माणूस ही बेरीज करून खाली सही करतो, तेव्हा तो एका आंतरराष्ट्रीय कराराची अंमलबजावणी करत असतो. ही सही मला फार मोलाची वाटते.

केंद्र सरकारने करार मान्य केला म्हणून आपल्याकडे कायदा आपोआप बदलत नाही. राज्यघटनेच्या २५३व्या कलमाप्रमाणे संसद कायदा करते आणि बारकावे नियमांतून, परिपत्रकांतून येतात. १९५८च्या व्यापारी नौवहन कायद्यात एकेका करारासाठी भर पडत गेली. मागे वळून पाहिले की एक गोष्ट खटकते. जहाजाला जपणारे नियम लवकर येतात. ज्याचा माल बुडतो त्याला भरपाई देणारे नियम फार रेंगाळतात.

मालवाहतुकीच्या जबाबदारीचे हेग नियम १९२४चे. भारतात त्यांचा कायदा १९२५ मध्येच झाला. पण त्यात भरपाईची कमाल मर्यादा नगामागे १०० पौंड होती. पुढे व्हिस्बी दुरुस्ती १९६८ मध्ये झाली, तिची पुरवणी १९७९ मध्ये. त्यांनी ठरवलेली नवी मर्यादा आपल्या कायद्यात आली १९९३ मध्ये. नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यांतले जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. शिरोलीच्या मालाला हा किलोचा हिशेब फार उपयोगाचा आहे: एक टनाच्या पॅलेटला ६६६ ऐवजी २,००० एसडीआरपर्यंत भरपाई मिळू शकते. ३३४ किलोंपासून पुढे प्रत्येक पॅलेटला किलोचाच हिशेब फायद्याचा. ही सुधारणा पंचवीस वर्षे आधी आली असती तर तेव्हाच्या कारखानदारांना तिचा आधार झाला असता.

एक जुनी सवलत मात्र अजून शाबूत आहे. जहाज हाकताना कप्तानाची किंवा खलाशांची चूक झाली, तर जहाजमालक मालाच्या नुकसानीला जबाबदार नाही. १९७८च्या हॅम्बर्ग नियमांनी ही सवलत काढली; भारताने ते स्वीकारले नाहीत. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली, शेकडो कंटेनर समुद्रात पडले, तेल रायगडच्या किनाऱ्याला लागले आणि मुंबई व न्हावा-शेव्याची जलवाट काही दिवस बंद राहिली. बुडालेली जहाजे हटवण्याच्या नैरोबी करारात भारत २०११ मध्ये सामील झाला. पण टकरीत माल गमावणाऱ्यापुढे ती सवलत आजही उभी आहे. त्याला विम्याकडेच पाहावे लागते. उलट २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, तेव्हा महागड्या इंधनाचा आकार भाड्याच्या बिलात लगेच दिसू लागला.

संसदेच्या २०२५च्या पावसाळी अधिवेशनात १८५६चा बिल ऑफ लॅडिंग कायदा, १९२५चा आणि १९५८चा असे तिन्ही जुने कायदे बदलले गेले. समुद्रमार्गे मालवाहतुकीच्या नव्या कायद्याचा गाभा जुनाच आहे, पण त्याच्या परिशिष्टातले नियम अधिसूचना काढून बदलण्याचा अधिकार आता केंद्राकडे आला आहे. म्हणजे पुन्हा पंचवीस वर्षे थांबण्याचे कारण उरलेले नाही. कप्तानाच्या चुकीची सवलत आधी विचारात घ्यावी आणि त्या बदलाचा मसुदा हरकतींसाठी शिरोलीच्या कारखानदारांच्या ‘स्मॅक’सारख्या संघटनांकडे मराठीतून यावा. तोवर १९२५ पासून चालत आलेल्या दोन मुदती प्रत्येक निर्यातदाराने आपल्या परदेशी गिऱ्हाइकाला कळवून ठेवाव्यात: वरून न दिसणारे नुकसान तीन दिवसांत लेखी कळवायचे, आणि दावा वर्षाच्या आत लावायचा.