कार्निओलातल्या खेड्यांचं मत

आजच्या स्लोव्हेनियातला कार्निओला हा प्रांत पूर्वी ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या ऑस्ट्रियन भागात होता. १८७३ पासून व्हिएन्नाच्या संसदेसाठी चार वर्गांत मतदान होई: बडे जमीनदार, व्यापारी मंडळं, शहरं आणि खेडी. ठरावीक कर भरणाऱ्या शेतकऱ्यालाच मत, आणि तेही थेट नाही. साधारण ५०० लोकवस्तीमागे एक निर्वाचक निवडला जाई. तो खासदार निवडी. जमीनदारांच्या वर्गात मात्र मूठभर मतांवर खासदार होता येई. हा उघड अन्यायच होता.

१८८२ मध्ये कराची अट दहा गुल्डनवरून (तेव्हाचं चलन) पाचवर आली आणि लहान शेतकरी मतदार यादीत शिरला. खरी उलथापालथ १९०७ ची. चोवीस वर्षांवरील पुरुषांना समान, थेट, गुप्त मतदान मिळालं. इस्टेटीच्या मालक असलेल्या मोजक्या स्त्रियांचा हक्क मात्र गेला. कार्निओलाच्या बारा जागांपैकी अकरा स्लोव्हेन भाषिकांच्या, एक कोचेव्ये भागातल्या जर्मन भाषिकांची. त्या वर्षीच्या निवडणुकीत खेड्यांत कॅथलिक स्लोव्हेन पीपल्स पार्टीने बाजी मारली. केवळ धर्मगुरूंच्या शब्दावर हे घडलं असं मानणं अपुरं वाटतं. पक्षाचे एक नेते यानेझ क्रेक स्वतः धर्मगुरू होते, पण त्यांनी गावोगावी सहकारी पतसंस्था उभारल्या होत्या, आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला त्यांचाच आधार होता. १९११ च्या निवडणुकीतही खेडी याच पक्षामागे राहिली.