गोळी सुरू आहे, मग थकवा का जात नाही?

‘रिपोर्ट नॉर्मल आहे, डॉक्टर. म्हणजे आता मी नुसती आळशी झालेय, असंच समजायचं ना?’

चाळिशी ओलांडलेल्या एका शिक्षिकेने हा प्रश्न विचारला, तेव्हा तिच्या आवाजात रागापेक्षा शरमच जास्त होती. थायरॉइडची कमतरता असल्याचे निदान दोन वर्षांपूर्वीच झाले होते. गोळी रोज सुरू होती. तरीही सकाळी उठताना अंग जड, मधल्या सुट्टीनंतर वर्गात उभे राहणे नकोसे, आणि संध्याकाळी कुकर लावण्याआधी पाच मिनिटे टेकावे म्हटले की तास निघून जायचा. नवऱ्याने ‘जरा चालायला जात जा’ असे सुचवून पाहिले होते. सासूबाईंनी ‘आमच्या वेळी नव्हतं बाई हे थायरॉइड’ म्हणून विषय संपवला होता. नोकरी सोडण्याचा अर्ज लिहून तिने पर्समध्ये ठेवला होता.

अशा तक्रारी घरोघरी असतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि गोव्यासह देशातील आठ ठिकाणी पाच हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी झाली. जवळपास ११ टक्के लोकांमध्ये थायरॉइडची कमतरता आढळली आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना आपल्याला असे काही आहे याची कल्पनाच नव्हती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक असते.

गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक तयार करते. पेशींनी इंधन किती वेगाने जाळायचे, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते. ते कमी पडले की सगळाच कारभार मंदावतो. हृदयाचे ठोके संथ होतात, पोट साफ होत नाही, थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, नावे आठवत नाहीत. स्नायू लवकर दमतात. वजनही वाढते, पण थोडेच. वीस किलो वाढले तर सगळा दोष थायरॉइडला देता येत नाही. प्रौढांमध्ये याचे नेहमीचे कारण म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचे नाव मिळाले. आयोडीनयुक्त मीठ घरात असताना आणखी मीठ खाऊन हा आजार बरा होत नाही.

उपचाराचे तत्त्व मात्र साधे आहे: कमी पडते ते बाहेरून द्यायचे. १८९१ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसलचे डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क ४६ वर्षांच्या एका रुग्ण महिलेला टोचला. ती त्यानंतर २८ वर्षे जगली. आज त्या अर्काच्या जागी कृत्रिम थायरॉक्सिनची छोटी गोळी आहे. ती स्वस्त आहे आणि बहुतेकांना तिने बरेही वाटते. ज्यांना वाटत नाही, त्यांच्याशी मात्र आपण फार घाईने बोलतो.

आधी ‘नॉर्मल’ या शब्दाकडे पाहू. आपण बहुधा टीएसएच तपासतो. हे थायरॉइडचे नव्हे, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक आहे. काम कमी पडले की मुकादम जसा आवाज चढवतो, तसा थायरॉक्सिन कमी पडले की टीएसएच वाढतो. ‘माझा थायरॉइड वाढलाय’ असे लोक म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा तो प्रत्यक्षात कमी झालेला असतो, तो असा. रक्तातले थायरॉक्सिन निम्मे व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलल्यावर नवी पातळी स्थिर होण्यास पाच-सहा आठवडे जातात आणि तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करायची असते. दहा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्याची गोळी अजून पुरती रुळलेलीच नसते. आकडा जागेवर आल्यावरही स्नायूंना आणि उत्साहाला सावरायला कधी कधी काही महिने लागतात.

या शिक्षिकेचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट आठ महिन्यांपूर्वीचा होता. मधल्या काळात काय बदलले, हे विचारत गेल्यावर गोष्ट उलगडली. पहाटे पाचला उठून ती गोळी घ्यायची आणि दहा मिनिटांत चहा. गुडघे दुखतात म्हणून सहा महिन्यांपासून कॅल्शियम सुरू झाले होते. विसरायला नको म्हणून ते नाश्त्याबरोबर.

थायरॉक्सिनची गोळी पोटात गेली म्हणजे रक्तात गेली, असे होत नाही. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि पुढे अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध, बिस्किटे काहीही नको. कॅल्शियम आणि लोह या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. सोयाबीनचे पदार्थ आणि आम्लपित्ताच्या काही गोळ्यांमुळेही शोषण कमी होऊ शकते. पहाटेचा चहा सुटतच नसेल, तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घेता येते. बाटली स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नये. उष्णता आणि दमट हवा तिला सोसत नाही. हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला ती चुकली तर आकाश कोसळत नाही, कारण औषध रक्तात आठवडाभर रेंगाळते. पण दर उपवासाला, प्रवासाला आणि लग्नघरी ती चुकू लागली की टीएसएच ते बरोबर दाखवतो.

नव्याने केलेल्या तपासणीत तिचा टीएसएच ९ आला. हिमोग्लोबिन ९.८ होते.

हे दुसरे कारण आपल्याकडे विसरून चालत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. थायरॉइड कमी असताना पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो आणि त्यातून लोह आणखी घटते. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता वारंवार दिसते. हाशिमोतोच्या रुग्णांमध्ये तर तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते. मधुमेह, रजोनिवृत्तीच्या आसपासची अर्धवट झोप, नैराश्य, घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे, यांतल्या कशानेही माणूस गळून जातो. एकदा ‘थायरॉइड’ हे नाव मिळाले की पुढचा सगळा थकवा त्याच खात्यावर मांडला जातो, आणि हे आम्ही डॉक्टरही करतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत टीएसएच किंचित वाढलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या ७३७ जणांपैकी निम्म्यांना थायरॉक्सिन दिले. एका वर्षाने त्यांचा थकवा दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी झालेला नव्हता.

म्हणूनच ‘थोडी जास्त गोळी घेऊन बघते’ हा प्रयोग करू नये. जादा थायरॉक्सिनने आधी चार दिवस हुशारी वाटते, नंतर छाती धडधडते, झोप उडते. वर्षानुवर्षे चालले तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचा ताल बिघडू शकतो. गर्भधारणा झाली तर मात्र डोस वाढवावा लागतो, तेव्हा डॉक्टरांना लगेच कळवावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही सांगा. त्यामुळे थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो. कोबी-फ्लॉवरची शिजवलेली भाजी खुशाल खावी.

सगळे तपासून, सगळे सुधारूनही ५ ते १० टक्के रुग्णांचा थकवा उरतोच. याचे पुरते उत्तर वैद्यकाकडे अजून नाही. थायरॉक्सिनच्या जोडीला टी-३ देऊन पाहिलेल्या बहुतेक चाचण्यांत सरसकट फायदा दिसलेला नाही. काही मोजक्या रुग्णांमध्ये तज्ज्ञ ते देऊन पाहतात. अशा रुग्णाला ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणणे हा तर निव्वळ उद्धटपणा आहे.

उरलेल्या थकव्यासह जगताना एक चूक बहुतेक बायका करतात. बरे वाटले त्या दिवशी साचलेले सगळे उरकायचे, माळा आवरायचा, चार पाहुणे जेवायला बोलवायचे, आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरायचे. त्याऐवजी चांगल्या दिवशीही थोडी ताकद राखून ठेवावी आणि वाईट दिवशीही थोडे हलावे. चालण्याची सुरुवात दहा मिनिटांनी करावी, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. दुपारची झोप वीस मिनिटांची. दोन तास झोपले तर रात्र बिघडते. ताटात डाळ, उसळ, दही किंवा अंडे असावे. घरातल्या कामाची वाटणी हाही उपचाराचाच भाग आहे. चिठ्ठीवर ते लिहिण्याची पद्धत नाही, म्हणून मी पुढच्या भेटीला नवऱ्याला सोबत बोलावले.

कॅल्शियम दुपारच्या जेवणावर गेले, लोहाची गोळी रात्री सुरू झाली, थायरॉक्सिनचा डोस आहे तेवढाच ठेवला. आठ आठवड्यांनी टीएसएच ३ च्या आत आला, हिमोग्लोबिन ११ वर. थकवा अर्धाअधिक गेला असे ती म्हणते. शनिवारी अजूनही गळून जायला होते. पुढची तपासणी सहा महिन्यांनी आहे. अर्ज अजून पर्समध्येच आहे. चहा आता सहा वाजता होतो, आणि तो नवरा करतो.