व्हिसा आला, पण कोणता?

मुरूड-श्रीवर्धनपासून सावित्रीच्या खाडीपर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात मुलाची चौकशी करा, "बाहेर असतो" हेच उत्तर बहुधा मिळेल. वाडवडील जहाजावर गेले, कोणी आफ्रिकेला गेले, आणि १९७० नंतर आखाताची वाट रुळली. इतक्या पिढ्यांचा अनुभव असूनही एजंटाने दिलेला कागद न वाचताच पैसे मोजण्याची आपली सवय काही गेलेली नाही. वकिलाकडे आपण जातो ते मुलगा तिकडे अडकल्यावर. तोवर निम्मी बाजी हातातून गेलेली असते.

समजा, म्हसळ्याकडचा एक सुतारमिस्त्री आहे. शाळा नववीत सुटली, पण हात सफाईदार. नात्यातलाच एकजण सांगतो, "दीड लाख द्या, महिन्यात दुबईचा व्हिसा." बायकोचे दागिने गहाण पडतात. व्हिसा येतोही, पण तो असतो भेटीचा. "तिथे गेल्यावर बदलून देतील" असे सांगून त्याला विमानात बसवतात. भेटीच्या व्हिसावर काम करणे हा तिथे गुन्हा आहे. मालकाने पगार बुडवला तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? कामगार म्हणून त्याची नोंदच नसते.

एजंट हाच मार्ग का धरतो, हे समजून घेतले पाहिजे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टावर साधारणपणे ईसीआर असा शेरा असतो. असा माणूस सौदी, कुवेत, यूएई, कतार, ओमान, बहरीन धरून १८ देशांत नोकरीला निघाला, तर त्याला उत्प्रवासी संरक्षक अधिकाऱ्याची मंजुरी लागते. हे कार्यालय मुंबईत आहे आणि काम ई-मायग्रेट या संगणक व्यवस्थेतून चालते. मंजुरीसाठी मालकाचे नाव, पगार आणि करारनामा नोंदवावा लागतो. भेटीच्या व्हिसाला यातले काहीच लागत नाही. म्हणजे जी कटकट म्हणून एजंट टाळतो, तीच कामगाराची ढाल असते. (व्यापारीबंधूंसाठी जाता जाता: प्राप्तिकर भरणाऱ्याला दहावी नसली तरी हा शेरा काढून घेता येतो.)

पैशाचेही तसेच. नोंदणीकृत भरती एजंटाला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी इतकेच घेता येतात, तेही पावती देऊन. एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर कोणालाही पडताळता येतो. गावातल्या 'सब-एजंटा'ला कायद्यात जागाच नाही. याच व्यवस्थेत प्रवासी भारतीय विमा योजना बंधनकारक आहे. दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण. दीड लाख देणारा माणूस हे पावणेतीनशे रुपये मात्र वाचवून बसतो!

फसवणूक झाल्यावर खरी अडचण कायद्याची नसते, नात्याची असते. पैसे घेणारा मामेभाऊ नाहीतर शेजारी. प्रकरण जमातीपुढे जाते, "पुढच्या महिन्यात देतो" असा वायदा होतो आणि वर्ष सरते. जमातीत समेट व्हावा, त्याला कोणाची ना नाही. पण वायदा कागदावर, सही-साक्षीदारांसह घ्यावा. तो मोडला तर पोलिसांत फसवणुकीची फिर्याद देता येते. १९८३ च्या कायद्याखालील खटल्याला एरवी केंद्र सरकारची परवानगी लागते. मात्र फसलेल्या माणसाने स्वतः, किंवा त्याच्या वतीने आई-वडील, पत्नी, मुले, भाऊ-बहीण यांनी तक्रार केली, तर ती लागत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे "दिल्लीची परवानगी कोण आणणार?" म्हणून लोक घरी परततात.

वकिलाची फी परवडत नसेल तर अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या न्यायालयात त्याची समिती असते. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. नवरा तिकडे अडकला असेल तर पत्नीने स्वतः अर्ज करावा. फोन १५१००.

आता तिकडच्या तक्रारी. पासपोर्ट कफीलने ठेवून घेतला, ही सर्वांत जुनी. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट भारत सरकारच्या मालकीचा असतो. सौदी आणि यूएईच्या नियमांतही मालकाने तो अडकवून ठेवणे मना आहे. पगार थकला म्हणून रागाने काम सोडून खोलीवर बसणे ही मात्र मोठी चूक. मालक 'हुरूब'ची, म्हणजे पळून गेल्याची, नोंद करून मोकळा होतो. आधी कामगार कार्यालयात तक्रार, तिची पोच खिशात, मग पुढचे पाऊल. वकिलातीकडे मदद या सरकारी व्यवस्थेतून घरच्यांनाही तक्रार नोंदवता येते.

परत आल्यावर "गेले ते गेले" म्हणू नये. सौदीत नोकरी संपल्यापासून १२ महिन्यांत दावा करता येतो, यूएईत २०२४ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांत. सौदीच्या नियमाने पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी अर्ध्या महिन्याचा आणि पुढे दर वर्षी पूर्ण महिन्याचा पगार सेवा-अखेरची रक्कम म्हणून मिळतो. राजीनामा दिला असेल तर कमी. तिथल्या विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र करून इथूनही दावा चालवता येतो. त्याचा मसुदा मात्र वकिलाकडूनच करून घ्यावा.

एक बारीक गोष्ट राहिली. आपल्याकडे दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे स्पेलिंग आणि पासपोर्टावर आडनावच नाही, असे सर्रास आढळते. यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टावर भेटीच्या प्रवाशांना अडवायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा घराण्याचे नाव असेल तरच सूट मिळते. ही दुरुस्ती तिकीट काढण्यापूर्वीच करून घ्यावी. आणि निघताना पासपोर्ट, व्हिसा, करारनामा, विमा व एजंटाची पावती यांच्या प्रती घरात, पत्नीच्या हाती द्याव्यात. अर्ज करायची वेळ आली तर तो तिलाच करायचा असतो.