आधी गाणं, मग चित्र

सोलापूर-हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग मागे टाकून उमरग्याच्या दिशेने निघालं की जळकोट लागतं. धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर तालुक्याचं हे गाव. इथल्या कॉलेजच्या पोरांनी गाण्याचा व्हिडिओ करायचा ठरवला, तर लोकेशनसाठी वणवण करावी लागत नाही. बोरी नदीवरचा नळदुर्गचा किल्ला शेजारीच आहे. तुळजापूरच्या आराधी मेळ्यांची गाणी, अणदूरच्या खंडोबाचे वाघ्या-मुरळी, गोंधळ्यांचं संबळ आणि तुणतुणं हे सगळं लहानपणापासून कानावर असतं. कॅमेरा तर प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही व्हिडिओ तयार होतो तेव्हा काहीतरी खटकत राहतं. चित्र देखणं असतं, गाणं चांगलं असतं, पण दोघांचं एकमेकांशी जमत नाही. गायक 'आई' म्हणतो तेव्हा त्याचे ओठ अजून मिटलेलेच असतात.

या एका गोष्टीने प्रस्तुत लेखकाला बरीच वर्षं झपाटलं आहे. लोकेशन चांगलं की स्टुडिओ, मोबाइल बरा की मोठा कॅमेरा, यावर पोरं तासन्‌तास वाद घालतात. गाण्याचं चित्रण मात्र आवाजाच्या घड्याळावर चालतं. ते घड्याळ सांभाळलं, तर साध्या मोबाइलवरही काम होतं.

प्लेबॅकची पद्धत सर्वांना ठाऊक असते. गाणं आधी पूर्ण ध्वनिमुद्रित करायचं, चित्रणाच्या जागी ते स्पीकरवर वाजवायचं, कलाकाराने त्याच्याबरोबर गायचं, आणि संकलनात कॅमेऱ्यातला आवाज काढून मूळ गाणं बसवायचं. कलाकाराने खरोखर, मोकळ्या गळ्याने गायला हवं. नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा ताणत नाहीत, छाती भरून येत नाही, आणि प्रेक्षकाला ते ताबडतोब कळतं.

बोलपटांच्या सुरुवातीला ही सोयच नव्हती. १९३१ च्या 'आलम आरा'ची गाणी चित्रणाच्या वेळीच, वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवून, प्रत्यक्ष गायली गेली. स्टुडिओशेजारून रेल्वे जात असल्याने बरंचसं काम रात्री, गाड्या बंद झाल्यावर उरकावं लागे. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' केला. त्यात गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनी स्वतः गाऊन अभिनय केला. सूर, चेहरा, हालचाल आणि उच्चार एकाच वेळी साधायचे, आणि एक चूक झाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून! १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने नितीन बोस यांच्या 'धूप छाँव'मध्ये आधी मुद्रित केलेली गाणी वापरली आणि कॅमेरा मोकळा झाला. आज जळकोटच्या रस्त्याकडेला मालमोटारींच्या गोंगाटात पोरं बिनधास्त गाणं चित्रित करू शकतात, ते या बदलामुळे. मोटारीचा हॉर्न कॅमेऱ्यात शिरला तरी बिघडत नाही, कारण तो आवाज शेवटी टाकूनच द्यायचा असतो.

टाकून द्यायचा, पण तोवर जपायचा. खरी गोम इथे आहे.

नळदुर्गच्या पाणी महालाशी जाऊन ती पाहावी. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात हा महाल बांधला गेला. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला या बंधाऱ्याने जोडलेले आहेत. पावसाळ्यात नदी भरली की 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं आणि महालाच्या सज्जासमोर पाण्याचा पडदा उभा राहतो. असं लोकेशन पैसे मोजूनही उभारता येत नाही. तिथे एका पावसाळ्यात कॉलेजची एक तुकडी चित्रण करताना दिसली. कॅमेरा समोरच्या उंचवट्यावर, ब्लूटूथ स्पीकर कॅमेऱ्याच्या पायाशी, आणि मळवट भरलेली, गळ्यात कवड्यांची माळ घातलेली मुलगी लांब तटाजवळ. दृश्य असं की पाहतच राहावं. पण स्पीकर चुकीच्या ठिकाणी होता.

हिशेब सोपा आहे. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मुलगी स्पीकरपासून ३५ मीटरवर उभी असेल, तर गाणं तिच्या कानी सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिरा पोचतं. ती तेवढ्याच उशिरा ओठ हलवते. स्पीकरलगतच्या कॅमेऱ्याला मात्र गाणं लगेच ऐकू येतं. सेकंदाला २५ चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात हा फरक अडीच फ्रेमचा होतो. संकलक कॅमेऱ्यातला आवाज मूळ गाण्याशी बिनचूक जुळवतो आणि तरीही ओठ मागे पडतात. ते मागे पडतात हेच वाईट. आवाज ओठांच्या थोडा मागून आला, तर माणसाला चटकन जाणवत नाही. लांबून बोलणाऱ्याचा आवाज उशिराच येतो, त्याची आपल्याला सवय असते. आवाज आधी आणि ओठ नंतर, हे निसर्गात कधी घडत नाही. दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय मानकात याचे आकडे दिले आहेत: आवाज सुमारे १२५ मिलिसेकंद मागे राहीपर्यंत प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही, पण सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की लगेच लक्षात येतं. पाणी महालापाशी तो १०० मिलिसेकंद पुढे गेलेला असतो.

उपाय फुकटचा आहे. स्पीकर उचलून कलाकाराजवळ, चौकटीच्या जरा बाहेर ठेवायचा. आता कॅमेऱ्याला गाणं उशिरा ऐकू येईल, पण संकलनात आवाज दोन-तीन फ्रेम सरकवला की जुळतं. त्यासाठी प्रत्येक शॉटच्या वेळी अंतर वहीत लिहून ठेवावं. त्याहून सोपं म्हणजे कलाकाराजवळच क्लॅप द्यायची. फळी मिटताना दिसते ती फ्रेम धरली की अंतराचा प्रश्नच उरत नाही. क्लॅपबोर्ड नसेल तर दोन तळहात पुरतात; टाळी कॅमेऱ्याला दिसली पाहिजे आणि गाण्याच्या ठरलेल्या मात्रेवर वाजली पाहिजे, एवढंच.

सांडवे जोरात असले की पाण्याच्या आवाजात स्पीकर ऐकूच येत नाही. मग एका कानात वायरचा इअरफोन घालून तो पदराखाली किंवा फेट्यात दडवतात. ब्लूटूथचा इअरफोन टाळावा. त्यात आवाज रेंगाळतो आणि पुन्हा तेच दुखणं सुरू होतं. तुकडीत संबळ वाजवणारा कोणी असेल, तर त्याला कॅमेऱ्याशेजारी उभं करून हाताने ताल दाखवायला सांगावं. डोळ्यांना दिसणारा ताल उशिरा पोचत नाही.

स्लो मोशनमध्ये तर खरी गंमत आहे. पाण्याचे तुषार संथ उडत आहेत, पदर सावकाश लहरतो आहे आणि मुलगी मात्र गाण्याच्या नेहमीच्या लयीत गाते आहे, असा शॉट सर्वांनी पाहिलेला असतो. त्यासाठी कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेतो आणि गाणं दुप्पट वेगाने वाजवलं जातं. कलाकार दुप्पट वेगाने गाते. नंतर तेच चित्र २५ च्या वेगाने दाखवलं की ओठ मूळ गाण्यावर येतात आणि बाकी जग निम्म्या वेगाने चालतं. मोबाइलमधली साधी ॲपही सूर न बदलता गाण्याचा वेग वाढवतात. चित्रपटसृष्टीत अनेक वर्षं प्लेबॅकचं काम टेपवर चालत असे. स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बनवलेलं 'नाग्रा' हे ध्वनिमुद्रण यंत्र जगभरच्या चित्रपट युनिटांचं विश्वासाचं साधन होतं. पण यंत्र कोणतंही असो, दुप्पट वेगात शब्द स्पष्ट उच्चारायला जीभ तयार लागते. गोंधळाची, भारुडाची सवय असलेला पोरगा इथे भल्याभल्यांना मागे टाकतो. हे शॉट त्याच्याच वाट्याला द्यावेत.

आता स्टुडिओ. मराठी मुलखात या विषयाचं माहेर पुण्यात आहे. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झाली, १९३३ मध्ये पुण्याला आली, आणि तिच्याच जागेत १९६० मध्ये आजची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था सुरू झाली. प्रभातचा भव्य स्टुडिओ तिथे अजून उभा आहे आणि आवारात प्रभातच्या काळातलं तळंही आहे. ज्या छपराखाली दामले-फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' (१९३६) घडवला, त्याच छपराखाली आजचे विद्यार्थी गाणं कसं चित्रित करायचं ते शिकतात. त्या चित्रपटातला शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक अभंग लोक तुकोबांचाच समजू लागले, इतका तो त्या काळात आणि त्या चित्रात मुरला होता. केशवराव भोळे यांचं संगीत, विष्णुपंत पागनीस यांचा गळा आणि चेहरा एकाच माणसाचा. गाण्याच्या चित्रणाचा विचार करणाऱ्याने हा चित्रपट एकदा आवाज बंद करून आणि एकदा डोळे मिटून अनुभवावा.

जळकोटच्या पोरांना पुण्याचा स्टुडिओ परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात आणि मंगल कार्यालयं रिकामी पडलेली असतात. उंच छत, जाड भिंती, भरपूर विजेचे प्लग, खिडक्या बंद केल्या की अंधार. कार्यालयात आवाज घुमतो खरा, पण चित्रणाच्या वेळी घुमलेला आवाज ठेवायचाच नसल्याने त्याची चिंता नाही. मूळ गाणं मुद्रित करताना मात्र घुमणं चालत नाही. त्यासाठी घरातली छोटी खोली घ्यावी आणि भिंतींना गोधड्या टांगाव्यात.

पाणी महालाचा आतला भाग कार्यालयात उभा करायचा असेल, तर त्याची एक जुनी युक्ती आहे. मोठ्या परातीत पाणी घ्यायचं, तळाशी आरशाचे तुकडे ठेवायचे आणि वरून तिरपा फोकस मारायचा. बोटाने पाणी जरासं हलवलं की समोरच्या भिंतीवर आणि गायिकेच्या गालावर पाण्याची झिलमिल नाचू लागते. लोकेशनवर ऊन डावीकडून येत असेल, तर इथला फोकसही डावीकडूनच हवा. नाहीतर बाहेरचा शॉट आणि आतला शॉट एकमेकांना ओळख देत नाहीत.

हिरव्या पडद्याचा मोह सगळ्यांना होतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरव्या रंगाचे बिंदू लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, म्हणून हिरवा रंग नेटका वेगळा काढता येतो. पण आपल्या गाण्यात हिरवा चुडा असतो, हिरवं लुगडं असतं. पडद्याचा हिरवा काढला की मनगटं पारदर्शक होतात! देवीच्या गाण्याला निळा पडदा घ्यावा. त्याहून चांगला काळा. मंडपवाल्याकडे काळं कापड सहज मिळतं, त्यावर मळवट आणि कवड्या उठून दिसतात, आणि संगणकाचं काम वाचतं.

ट्यूबलाइटखाली चित्रण केलं की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, ही तक्रार नेहमीची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंदावतात आणि उजळतात. मोबाइल मात्र बहुधा ३० फ्रेमवर लावलेला असतो. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की पट्टे नाहीसे होतात. मोबाइलमधला फ्रेमचा वेग कमी-जास्त होऊ न देणारं ॲपही वापरावं, नाहीतर चार मिनिटांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यापर्यंत ओठ पुन्हा घसरतात. किल्ल्यावर एक्स्पोजरही लॉक करावं. काळ्या पाषाणाकडे पाहून कॅमेरा चित्र उजळ करतो आणि पांढरंशुभ्र पाणी जळून जातं.

परवानग्यांचं थोडक्यात: नळदुर्ग हे राज्य संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे चित्रणाची परवानगी पुरातत्त्व विभागाकडून आधी घ्यावी. ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत, तेही वाचावेत. दुसऱ्याचं गाणं असेल तर गीतकार, संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा मालक यांची संमती हवी. पारंपरिक गाणं सर्वांचं असलं, तरी त्याचं एखाद्या कंपनीने केलेलं ध्वनिमुद्रण सर्वांचं नसतं.

हे सगळं आपल्या भागात शक्य आहे का, असं कोणी विचारलं तर करमाळ्याकडे बोट दाखवावं. आपल्याच जिल्ह्यातल्या परंड्याला लागून असलेल्या या तालुक्याचे नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट नगरला संज्ञापन शिकताना केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१६ मध्ये आलेल्या त्यांच्या 'सैराट'च्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमधल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर पाश्चात्त्य वाद्यवृंद मुद्रित केला, आणि सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी ती गाणी करमाळ्याच्या मातीत, विहिरीत, उसाच्या फडात टिपली. यक्कंटी पुण्याच्या त्याच संस्थेत शिकलेले. आवाज सातासमुद्रापलीकडचा, चित्र शेजारच्या जिल्ह्यातलं, आणि दोन्ही एकमेकांत असे मिसळले की सांधा सापडत नाही.

जळकोटच्या तुकड्यांनी पाणी महाल केला, मंगल कार्यालय केलं, तर यापुढे खंडोबाला हात घालावा. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत देवळं दोन आणि मूर्ती एकच. ती वर्षातले बरेच महिने अणदूरला आणि उरलेले नळदुर्गला असते. पौषातल्या जत्रेत भंडाऱ्याच्या उधळणीत वाघ्या-मुरळी गातात तेव्हा तिथे प्लेबॅक चालणार नाही. गाणं एकदाच होतं आणि पुन्हा होत नाही, म्हणजे प्रभातच्या पहिल्या दिवसांसारखंच काम करावं लागेल. एक जण फक्त आवाजाला ठेवावा, ध्वनिमुद्रकाच्या माइकवर कापसाचं कापड गुंडाळावं, तीन मोबाइल तीन बाजूंना एकाच फ्रेमच्या वेगावर लावावेत आणि सुरुवातीला सगळ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवावी.  त्याआधी दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या गोंधळाला जाऊन याची रंगीत तालीम करता येईल.