खोगीरभरतीची विद्या

मराठीत ‘खोगीरभरती’ हा शब्द निंदेचा आहे. ग्रंथात निरर्थक पाने वाढली किंवा सभेत नुसती डोकी वाढली, की ती खोगीरभरती ठरते. खोगिराच्या पोटात काय कोंबले आहे ते बाहेरून दिसत नाही. तेव्हा लोकर भरली काय आणि चिंध्या भरल्या काय, सारखेच, असा समज या शब्दामागे असावा. जीन तयार करणाऱ्या कारागिराला मात्र हा समज मुळीच पटावयाचा नाही. त्याच्या विद्येतील सर्वांत अवघड आणि सर्वांत उशिरा हाती येणारा भाग जर कोणता असेल, तर तो ही भरतीच होय.

खोगीर हा शब्द मूळचा फारसी. घाम टिपून घेणारे, असा त्याचा अर्थ. जीन, तंग, लगाम हे शब्दही फारसीतूनच आले आणि रिकीब अरबीतून. शिवकालात राज्यव्यवहारकोश रचून दरबारी भाषेला संस्कृत वळण देण्याचा मोठा प्रयत्न झाला, तरी पागेतील हे शब्द मराठीच्या अंगी जिरले ते कायमचे. सामान्यतः मऊ गाद्यांच्या बैठकीला खोगीर म्हणतात व लाकडी सांगाड्यावर कातडे चढवून केलेल्या बैठकीला जीन. ही जीने करणारे ते जीनगर.

या कारागिरीवर किती अवलंबून असे, हे मराठ्यांच्या दूरच्या स्वाऱ्यांवरून ध्यानी येते. आज भिलाई म्हटले की १९५९ साली पेटलेली पहिली झोतभट्टी आणि पोलादाचे रूळ डोळ्यांपुढे येतात. परंतु भिलाईला लागूनच असलेल्या दुर्ग येथे १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने आपला तळ दिला होता व तेथूनच छत्तीसगडची मोहीम चालविली होती. नागपूरपासून दुर्गापर्यंतची वाट सुमारे अडीचशे किलोमीटरांची. पुढे हेच घोडदळ बंगालपर्यंत गेले. त्यात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा व सरंजाम त्याच्या स्वतःचा. बारगिराला तो सरकारातून मिळे. बंगालने या स्वारांना ‘बर्गी’ म्हटले, ते या बारगिरावरूनच. अशा लांबच्या मजलीत वाईट जिनाने घोड्याची पाठ सोलली, की स्वार पायउतार होई. शिलेदाराचे तर सारे भांडवलच त्या पाठीवर असे.

घोड्याची पाठ दिसावयास रुंद दिसते. पण तिच्यावर ओझे ठेवण्याजोगी जागा थोडी. मधोमध पाठीचा कणा. त्यावर केवळ कातडीचे पातळ आवरण असल्याने तेथे भार पडता कामा नये. पुढे मानेच्या मुळाशी हाडाचा उंचवटा. जिनाची कमान त्यावरून निदान दोन-तीन बोटे वर राहिली पाहिजे. त्याच्या दोन्ही अंगांना खांद्याची फाळासारखी हाडे. पाय पुढे पडताना त्यांचे माथे मागे सरकतात, म्हणून त्यांना वाव हवा. मागे शेवटच्या बरगडीपलीकडे कंबरेचा भाग. त्याला बरगड्यांचा आधार नाही. म्हणजे स्वाराचा सारा भार कण्याच्या दोन बाजूंच्या स्नायूंवर, बरगड्यांच्या आधाराने, सारखा वाटून द्यावयाचा. जीन म्हणजे हा भार वाटून देणारा पूल होय.

या पुलाचा पाया म्हणजे लाकडी सांगाडा: कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन लांब फळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या पुढच्या व मागच्या कमानी. अमेरिकेत गुरे राखणाऱ्या स्वारांचे जीन स्पेनमधून मेक्सिकोमार्गे तिकडे गेले. गुरांना दोर टाकून तो गुंडाळण्यासाठी त्याला पुढे एक खुंट असतो, आणि त्याचे वजन पंधरा किलोंच्याही वर जाते. त्या सांगाड्यावर ओले कच्चे कातडे ताणून शिवतात. वाळताना ते आकसते व लाकडाला लोखंडी पट्टीसारखे आवळून धरते. दोर ताणून धरणाऱ्या बैलाचा हिसका या सांगाड्यानेच सोसावयाचा असतो. देश निराळा, काम निराळे. परंतु कण्याला स्पर्श नको, हा नियम तेथेही तोच.

शिकाऊ उमेदवाराच्या हाती सांगाडा लवकर येत नाही. त्याचा आरंभ होतो शिवणीपासून. दोन्ही टोकांना सुया ओवलेला, मेण लावलेला एकच दोरा. आरीने पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जावयाच्या. असे एका इंचात सहा ते दहा टाके. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे सुटू लागतात. या शिवणीत एक धागा झिजला तरी दुसरा धरून राहतो. ज्या तंगावर स्वाराचा जीव अवलंबून, त्याला ही हातची शिवण का लागते, हे यावरून कळेल.

त्यानंतर कातड्याची पारख. बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले कातडे भिजवून आकार द्यावा, तर वाळल्यावर तो आकार धरून ठेवते. पण एकाच कातड्याचे सर्व भाग सारखे नसतात. पाठीकडचे घट्ट, पोटाकडचे सैल व ताणणारे. रिकिबीची वादी पोटाकडच्या भागातून कापली, तर काही दिवसांत एक पाय लोंबू लागतो, स्वार एका अंगावर कलतो आणि घोड्याच्या पाठीवरचा भार बिघडतो. रापीची ही एक चूक मग कोणत्याही शिवणीने भरून निघत नाही.

आणि शेवटी भरती. दोन्ही बाजूंच्या गाद्यांत लोकर थोडी थोडी, पिंजून, सलग बसवावयाची. गोळा झाला तर तो खड्यासारखा रुतणार. पोकळी राहिली तर तिच्या कडांवर भार येणार. गच्च भरली तर जीन दगडासारखे, सैल भरली तर आठवड्यात कण्यावर टेकणार. बोटांना आतली लोकर दिसत नाही, ती नुसती कळते. घोडा बोलत नाही, पण त्याची पाठ साक्ष देते. दौडीनंतर जीन उतरवावे. घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा ठिपका दिसला, तर तेथला दाब संशयास्पद समजावा. जुन्या दाबाच्या जागी पांढरे केस उगवतात व ते जन्मभर राहतात. लोकर दबत जाते, घोड्याची पाठही ऋतुमानाप्रमाणे भरते वा सुकते. म्हणून गाद्या पुन्हा पुन्हा उघडून भराव्या लागतात.

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि फौजा मोडल्या, तशी देशी जिनांची मागणी आटत गेली. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात जीनगरांची कामे वाचली तर नवल वाटते: ओतकाम, कोरीवकाम, रंगकाम, मातीच्या व कापडाच्या मूर्ती, पेट्या-कुलुपे आणि घड्याळे यांची दुरुस्ती. हात शाबूत होते. फक्त घोडा गेला होता. लष्करी जिनांचे काम १८६३ मध्ये कानपूरला निघालेल्या सरकारी कारखान्याकडे गेले. ते शहर आजही या धंद्याचे मोठे केंद्र असून तेथील जिनांना भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली आहे.

महाराष्ट्रातून घोडा मात्र अजून सर्वस्वी गेलेला नाही. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून आता नोंद झाली आहे. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोडेबाजार भरतो. मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानात घोडे माणसे व सामान वाहतात. लाल मातीच्या त्या चढावर दिवसभर ओझे नेणाऱ्या जनावराला जिनाचे नक्षीकाम काय कामाचे? संध्याकाळी तंग सुटल्यावर त्याची पाठ शाबूत निघते की नाही, याचा निकाल आत भरलेल्या मूठभर लोकरीवर लागतो. ज्याच्या हाताला ही भरती साधली, त्यालाच जीनगर हे नाव शोभावे.